मुलासाठी गेलात, तर सगळ्या घराला का बोलावतात?

मुलाच्या वागण्यानं हैराण झालेलं किंवा घाबरलेलं कुटुंब जेव्हा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या समुपदेशन केंद्रात फोन करतं, तेव्हा मनात बहुधा एकच अपेक्षा असते. कुणीतरी जाणत्या माणसानं याच्याशी बोलावं, याला चार गोष्टी समजवाव्यात. फोनवरची कार्यकर्ती मात्र विचारते, घरात कोण कोण असतं, आणि पहिल्या भेटीला सगळ्यांना येता येईल का. इथंच पुष्कळ पालक बिचकतात. त्रास मुलाचा आहे, मग आमची चौकशी कशाला? आम्हीच चुकलो असं म्हणायचं आहे का?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजलं की अशा संस्था काय करतात, कशा करतात आणि त्यांच्याकडून काय मागायचं, हे सगळं उलगडत जातं.

१८९९ मध्ये शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. तीच ती मुलं तिथं पुन्हा पुन्हा का उभी राहतात, या प्रश्नानं शहरातल्या काही समाजसेविका अस्वस्थ होत्या. त्यांच्या खटपटीतून आणि देणगीतून १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली एक छोटं केंद्र निघालं. या मुलांमध्ये जन्मजात दोष सापडेल अशी त्या काळी अनेकांची खात्री होती. हीलींनी एकेका मुलाचा कसून अभ्यास केला तेव्हा असं एकच कारण कुठंच सापडेना. प्रत्येक मुलामागं घर, शाळा, आजारपण, गरिबी, सोबत अशा अनेक गोष्टींचा वेगवेगळा गुंता होता. १९२० च्या दशकात कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय निधीच्या मदतीनं अमेरिकेत आणि पुढं ब्रिटनमध्येही अशी बालमार्गदर्शन केंद्रं निघाली. तिथं तिघांचा चमू असे: मनोविकारतज्ज्ञ मुलाला भेटे, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेई, सामाजिक कार्यकर्ती आईशी बोले. वडील बहुतेक वेळा या चित्रात नसतच, आणि ही उणीव पुष्कळ केंद्रांत आजही दिसते.

सगळ्यांना एका खोलीत बसवण्याची कल्पना नंतर आली. १९६० च्या सुमारास साल्वादोर मिनुचिन हे मनोविकारतज्ज्ञ न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक या निवासी शाळेत काम करत होते. गुन्ह्यांकडे वळलेली, गरीब वस्त्यांतली मुलं तिथं राहत. ती शाळेत सुधारत आणि घरी परतली की पुन्हा होती तशी होत. मिनुचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग कुटुंबांनाच भेटायला सुरुवात केली. घरात कोण कुणाचं ऐकतं, कुणाच्या भांडणात मूल मध्ये ओढलं जातं, मोठ्या बहिणीनं आईची जागा कधी आणि का घेतली, हे ते बघू लागले. कुटुंब उपचार, म्हणजे फॅमिली थेरपी, या शाखेला आकार देणाऱ्या कामांपैकी हे एक महत्त्वाचं काम.

घरातली साखळी

घराला बोलावण्याचं कारण नेमकं कळतं ते जेराल्ड पॅटरसन यांच्या कामातून. पॅटरसन आणि त्यांचे सहकारी ओरेगॉन राज्यात कुटुंबांच्या घरी जाऊन बसत आणि कोण काय बोललं, त्यावर समोरच्यानं काय केलं, याच्या बारीक नोंदी ठेवत. आक्रस्ताळी, मारकुट्या मुलांच्या घरांत त्यांना एक क्रम वारंवार दिसला.

आई मुलाला फोन ठेवायला सांगते. तो ऐकत नाही. ती पुन्हा सांगते, थोडं चढ्या आवाजात. तो ओरडतो. ती रागावते. तो वस्तू फेकतो. ती थकून म्हणते, "घाल काय गोंधळ घालायचा तो," आणि निघून जाते. घर शांत होतं. या दोन मिनिटांत दोघंही काहीतरी शिकले. ओरडलं, फेकलं की कटकट थांबते, हे मुलाला कळलं. माघार घेतली की त्रास थांबतो, हे आईला कळलं. दोघांनाही ताबडतोब सुटका मिळाली, म्हणून दोघंही पुढच्या वेळी तेच करणार, आणि सुरुवातच आणखी चढ्या आवाजात होणार. कधी उलटंही घडतं. आई हात उगारते, मूल गप्प होतं, आणि मग मार हाच उपाय आहे असं आईच्या मनात पक्कं होतं. पॅटरसन यांनी याला जबरदस्तीची साखळी म्हटलं.

यात दोषी कोण? मुलगा उद्धट नाही आणि आई दुबळीही नाही. दोघं दमलेली आहेत आणि तात्पुरती सुटका देणारी गोष्ट दोघांनी धरून ठेवली आहे. घराबाहेर, शांत खोलीत, मुलाशी आठवड्यातून एक तास कितीही गोड बोललं तरी ही साखळी तशीच राहते, कारण ती त्या खोलीत घडतच नाही. म्हणून लहान मुलांच्या हट्टी, आक्रमक वागण्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो पालकांबरोबर केलेल्या कामाचा. मुलाला एकट्याला समजवण्याला तेवढा पुरावा नाही.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं? शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात उभी केलेली पालक-बालक संवादाची पद्धत बघू. पालक आणि मूल एका खोलीत खेळतात. समुपदेशक एकतर्फी आरशापलीकडे बसून पालकाच्या कानातल्या यंत्रावर त्याच क्षणी सुचवत राहते. पहिल्या टप्प्यात पालकानं फक्त मुलाच्या मागं जायचं. हुकूम नाही, प्रश्न नाहीत, टीका नाही. मूल काय करतंय ते शब्दांत म्हणायचं आणि चांगलं दिसेल त्याचं नेमकं कौतुक करायचं. "शाबास" म्हणण्यापेक्षा "ठोकळे तू खोक्यात परत ठेवलेस, मला आवडलं" असं म्हणायचं. घरीही रोज पाच मिनिटं हा खेळ करायचा. एवढंसं वाटतं, पण ज्या घरात महिनोनमहिने फक्त रागावणंच चाललेलं असतं तिथं ही पाच मिनिटं सुरुवातीला पालकांना फार जड जातात. त्यानंतरचा टप्पा शिस्तीचा. सूचना छोटी, एकदाच, करता येईल अशी. ऐकलं तर लगेच दाद. नाही ऐकलं तर ठरलेला, लहान, दर वेळी हमखास येणारा परिणाम. मोठ्या शिक्षेच्या धमकीपेक्षा लहान आणि नक्की घडणारी गोष्ट जास्त लागू पडते.

किशोरवयीन मुलांशी अर्थात असं करता येत नाही. तिथं वाटाघाटी, दोन्ही बाजूंनी लिहिलेले करार आणि मुलाचं खासगीपण जपत देखरेख कशी ठेवायची, यावर भर असतो.

जेव्हा मुलानं काही भयंकर पाहिलेलं असतं

वरची साखळी सगळ्याच मुलांना लागू होत नाही. काही मुलं हट्टी नसतात, ती घाबरलेली असतात. अपघात, मृत्यू, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, घर सोडून पळावं लागणं, यानंतर लहान मूल "मला भीती वाटते" असं क्वचितच म्हणतं. थांबलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. पोट दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही. बोलायला लागलेलं मूल गप्प होतं. शाळेची वेळ झाली की रडारड होते. एकच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा येतो. मोठ्या मुलांत हेच चिडचिड, झोप उडणं, अभ्यासातून मन उडणं, जोखमीचं वागणं अशा रूपात दिसतं, आणि मग त्यांच्यावर "बिघडलेला" असा शिक्का बसतो.

अशा मुलांसाठी ज्यूडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी तयार केलेली आघात-केंद्रित पद्धत बरीच तपासली गेलेली आहे. ती साधारण १२ ते १६ सत्रांत चालते. आधी मुलाला श्वास, झोप, भावना ओळखणं अशी साधनं दिली जातात. मग हळूहळू, त्याच्या गतीनं, घडलेलं सांगता येण्यापर्यंत नेलं जातं. कुणी चित्रातून सांगतं, कुणी लिहून. इथंही पालक लागतातच, कारण मुलानं सांगितल्यावर ऐकणाऱ्या मोठ्या माणसाचा चेहरा कसा होतो यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. आई ऐकून कोसळली तर मूल पुढं बोलत नाही. म्हणून समुपदेशक पालकांची वेगळी तयारी करून घेतात.

बालपणीच्या आघातांबद्दल बोलताना एका अभ्यासाचं नाव हमखास निघतं: एसीई, म्हणजे बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा अभ्यास. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी १९९८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष मांडले. सॅन दिएगोमधल्या १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांनी दोन टप्प्यांत लहानपणच्या मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, पालकांची ताटातूट अशा अनुभवांबद्दल विचारलं. असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितका पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारासारख्या आजारांचा धोका जास्त, असं दिसलं. हा निष्कर्ष मोठ्या समूहाबद्दल आहे. दुर्दैवानं आता इंटरनेटवर लोक अशा प्रत्येक प्रकाराला एक गुण धरून स्वतःचे किंवा मुलाचे "गुण" मोजतात आणि घाबरून जातात. खुद्द आंडा यांनी २०२० मध्ये लिहिलं की हा आकडा एका व्यक्तीचं भविष्य ठरवायला वापरू नये.

त्याच्या जोडीला एमी वर्नर यांचं काम वाचायला हवं. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या सगळ्या मुलांचा त्यांनी दशकानुदशकं माग ठेवला. गरिबी, आजारी पालक, मोडलेली घरं अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं कर्तबगार आणि मायाळू माणसं झाली. त्यांच्यात जे समान आढळलं त्यात एक गोष्ट ठळक होती: आजी, शिक्षिका, शेजारी, कुणीतरी एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी टिकून राहिलं होतं. संस्थेची समुपदेशक दोन वर्षांत बदलून जाईल. म्हणून चांगली समुपदेशक स्वतः ते माणूस होण्याऐवजी मुलाच्या आयुष्यात आधीच असलेलं असं माणूस शोधते आणि त्याला बळ देते. या क्षेत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं कौशल्य हेच.

बोलण्याआधी भाडं

भाडं थकलं म्हणून उद्या घर सोडावं लागेल का, या काळजीत असलेल्या बापाला रोज पाच मिनिटं खेळायला सांगणं निष्ठुरपणाचं आहे. त्याला ते जमणार नाही, आणि जमलं नाही म्हणून तो पुढच्या भेटीला येणार नाही. खासगी समुपदेशकाकडे आणि स्वयंसेवी संस्थेत मोठा फरक पडतो तो इथं. चांगल्या संस्थेत समुपदेशनाबरोबर केस सांभाळणारी कार्यकर्ती असते. ती सरकारी मदतीचा अर्ज भरून देते, शाळेत सोबत येते, दवाखान्याची वेळ मिळवते, वकिलाची गाठ घालून देते, व्यसनमुक्ती केंद्राशी बोलते. याला कमी दर्जाचं काम समजणारे लोक आहेत, संस्थांतसुद्धा. माझ्या मते पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत हाच अर्धा उपचार असतो. डोक्यावरचा ताण उतरला की पालकांचा आवाज खाली येतो, आणि मग मुलाशी कसं बोलायचं हे शिकायला जागा होते.

याची टोकाची आवृत्ती १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा इथं सुरू झाली. होमबिल्डर्स नावाच्या त्या उपक्रमात मूल घरातून काढून घ्यावं लागेल अशी वेळ आलेली कुटुंबं घेतली जात. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी साधारण दोनच कुटुंबं, चार ते सहा आठवडे, आणि हाक मारली की दिवसा-रात्री केव्हाही हजर. भेटी कुटुंबाच्या घरीच. अशा कार्यक्रमांच्या नंतरच्या मोठ्या मूल्यमापनांचे निकाल मात्र संमिश्र आले. नेमकी कुठली कुटुंबं निवडली आणि पद्धत किती काटेकोर पाळली यावर बरंच ठरतं.

संकटाची वाटच न बघता आधी पोचणाऱ्या कामाचे निकाल जास्त उमेद देणारे आहेत. डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथं सुरू केलेल्या प्रयोगात परिचारिका पहिलटकरणींच्या घरी जात. गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्या येत राहत. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा या घरांत मुलांच्या छळाच्या आणि दुर्लक्षाच्या नोंदी लक्षणीय कमी होत्या.

मूल घरात राहावं यासाठी इतका आटापिटा का, असंही कुणी विचारेल. रोमेनियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर झालेल्या अभ्यासाकडे त्याचं उत्तर आहे. अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता जास्त सावरली, आणि जितकं लवकर कुटुंब मिळालं तितकं जास्त. अर्थात घरच जिवावर उठलेलं असेल तर मुलाला तिथून हलवणं हेच बरोबर. संस्थेनं हे म्हणायला कचरता कामा नये.

पहिल्या भेटीत काय होतं

फोन केल्यावर बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते, कधी आठवड्यांची, कधी महिन्यांची. म्हणून फोनवरच नीट सांगा: मारहाण चालू आहे का, मुलानं स्वतःला इजा केली आहे का, मूल शाळेतून गळलं आहे का. यावर तुमचा क्रम ठरतो. "तशी फार मोठी गोष्ट नाही" असं म्हणण्याची सवय इथं महागात पडते.

पहिल्या एक-दोन भेटी माहिती घेण्यात जातात. जन्म, आजार, झोप, शाळा, घरात कोण आलं, कोण गेलं, कर्ज, दारू, पूर्वीचं समुपदेशन. प्रश्न खासगी वाटतील. न सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि हा प्रश्न का विचारता असं विचारण्याचाही. लहान मुलांशी बोलणं खेळण्यांतून, वाळूतून, बाहुल्यांतून होतं. "नुसतं खेळवतात" असं काही पालक नाराजीनं म्हणतात, पण सहा वर्षांच्या मुलाला दुसरी भाषा फारशी अवगत नसते. शेवटी एक लेखी आराखडा व्हायला हवा: काय बदलायचं, कुणी काय करायचं, साधारण किती भेटी, आणि बदललं हे कशावरून ठरवायचं. "मुलगा सुधारावा" हे ध्येय मोजता येत नाही. "आठवड्यातून चार दिवस वेळेवर शाळेत जावा" हे मोजता येतं.

सगळ्यांनी एकत्र बसण्यालाही एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. घरात एक जोडीदार दुसऱ्याला मारत असेल किंवा धाकात ठेवत असेल, तर दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं असतं. खोलीत बोललेल्या वाक्याची शिक्षा घरी मिळू शकते. म्हणून जाणती समुपदेशक आधी प्रत्येकाला एकटं भेटते. तसं कुणी केलं नाही, तर तुम्ही स्वतःहून मागा.

गुपिताचा प्रश्न सगळ्यात जास्त गैरसमज निर्माण करतो. पालकांना वाटतं, मूल आमचं आहे, मग आत काय बोललं ते आम्हाला कळायला हवं. मुलाला वाटतं, हे सगळं आईला सांगणार. सर्वसाधारण रीत अशी आहे की मुलाचं बोलणं जसंच्या तसं पालकांना सांगितलं जात नाही, कामाची दिशा मात्र सांगितली जाते. अपवाद साधारण सगळीकडे सारखे: मुलाच्या जिवाला धोका, मुलाकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय. अशा वेळी समुपदेशकाला कुणालातरी कळवावंच लागतं. कुणाला आणि कधी, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. न्यायालय काही वेळा नोंदी मागू शकतं, हेही खरं. हे सगळं पहिल्याच दिवशी, मुलाच्या समोर, त्याला कळेल अशा शब्दांत सांगायला हवं. नंतर सांगितलं तर मुलाला तो विश्वासघात वाटतो, आणि त्याचं चूक नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की स्वतःबद्दलच्या बाबींत मत मांडण्याचा मुलाला हक्क आहे आणि वयाच्या, समजेच्या मानानं त्याला वजन द्यायला हवं. संमतीवर सही पालकांची असली तरी मुलाला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये, हे त्यातूनच येतं.

पैसा कुठून येतो आणि त्यानं काय बदलतं

ना-नफा म्हणजे फुकट नव्हे, आणि तिथले लोक बिनपगारी असतात असंही नव्हे. संस्थेकडे शिल्लक उरली तर ती मालकांत वाटली जात नाही, कामातच घालावी लागते, इतकाच त्याचा मूळ अर्थ. पैसा देणग्या, सरकारी अनुदान, मोठे निधी आणि कुटुंबांकडून उत्पन्नानुसार घेतलेलं शुल्क यांतून येतो. परवडत नसेल तर स्पष्ट सांगा. शुल्क कमी किंवा माफ करण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण ती मागावी लागते.

या पैशाची एक अडचण कुटुंबांना थेट भोगावी लागते. निधी बहुधा ठरावीक प्रकल्पासाठी, ठरावीक वर्षांपुरता येतो. प्रकल्प संपला की समुपदेशकाची नोकरी संपते, आणि मोठ्या कष्टानं विश्वास टाकलेल्या मुलाला कुणातरी नव्या माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. देणगीदारांना आकडे हवे असतात: किती मुलं, किती सत्रं. सत्रांची संख्या मोजायला सोपी, म्हणून अहवालात तीच भरते. देणगी देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की काही पैसा पगारासाठी आणि कार्यकर्त्यांच्या देखरेखीसाठी, कुठलीही अट न घालता द्यावा. रोज मुलांच्या दुःखाच्या कहाण्या ऐकणाऱ्या माणसालाही कुणाजवळ तरी बसून केस उलगडावी लागते. याला सुपरव्हिजन म्हणतात, आणि पैशाची चणचण आली की पहिली काटछाट इथंच होते.

तज्ज्ञ थोडे आणि गरज अफाट, म्हणून अनेक संस्था प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांकडून काम करवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयाच्या सातांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. इतक्यांना पुरतील एवढे डॉक्टर कुठल्याच देशात नाहीत. झिम्बाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आज्यांना प्रशिक्षण देऊन आरोग्यकेंद्राबाहेरच्या बाकावर बसवायला सुरुवात केली. अडचण नीट मांडायची, तिचे तुकडे करायचे, एक तुकडा निवडून आठवडाभर त्यावर काम करायचं, एवढीच त्यांची रीत. मोठ्या माणसांच्या नैराश्यावर तिचा चांगला उपयोग होतो हे २०१६ मध्ये छापलेल्या काटेकोर चाचणीत दिसलं. पदवी नाही म्हणून कार्यकर्तीला कमी लेखू नका. तिला शिकवलं कुणी, तिच्यावर देखरेख कुणाची, आणि आपल्या आवाक्याबाहेरची केस ती कुणाकडे पाठवते, हे विचारा.

चांगला हेतू पुरत नाही

रिचर्ड कॅबट हे बॉस्टनचे नामांकित डॉक्टर होते. त्यांच्या कल्पनेतून मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५०६ मुलांच्या २५३ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला भरपूर मदत दिली. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात, शिकवणी लावून देत, औषधोपचार बघत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. सरासरी पाच वर्षं हे चाललं. जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांना तीस वर्षांनी गाठलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी मोठ्या मायेनं सांगितलं की आमचं भलं झालं. नोंदी मात्र वेगळंच बोलत होत्या. व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, पुन्हा पुन्हा केलेले गुन्हे, या सगळ्यांत मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा वाईट ठरली. पुढच्या विश्लेषणात संशयाची सुई वारंवार शिबिराला गेलेल्या मुलांकडे वळली. अडचणीतली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांच्या बंडखोरीला दाद देतात.

तुरुंग दाखवून मुलांना धाक घालण्याचे कार्यक्रम १९७० च्या दशकात अमेरिकेत गाजले. त्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की तिथं नेलेल्या मुलांकडून गुन्हे उलट वाढले. तरी आजही कुणीतरी नव्यानं तेच सुरू करतं, कारण बघणाऱ्याला ते परिणामकारक वाटतं.

म्हणून संस्थेला पद्धत विचारा. आमच्या मुलाच्या वयाला आणि अडचणीला तुम्ही काय वापरता, ते आधी कुठं तपासलं गेलं आहे, उपयोग होत नसेल तर तुम्हाला कसं कळेल आणि मग काय कराल? उत्तर सोप्या शब्दांत मिळायला हवं. "आम्ही प्रेमानं वागतो" हे उत्तर अपुरं आहे. नक्की बरं करण्याची हमी देणारे, पालकांना महिनोनमहिने बाहेर बसवून ठेवणारे, मुलाला एकटं भेटताना दार उघडं असावं, काचेतून आत दिसावं, भेटीची नोंद व्हावी असे नियम नसलेले, किंवा मदतीच्या बदल्यात मुलाचा फोटो आणि कहाणी प्रसिद्धीला मागणारे, यांच्यापासून दूर राहा. फोटोला नकार दिला म्हणून कुठलीही सेवा थांबता कामा नये.

वाट बघता येत नाही तेव्हा

मूल मरण्याबद्दल बोलत असेल, स्वतःला कापत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर प्रतीक्षायादीवर थांबू नका. तातडीच्या वैद्यकीय सेवेकडे किंवा संकटातल्या मुलांच्या हेल्पलाइनकडे जा. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर डोक्यात विचार घुसेल, ही भीती खोटी आहे. संशोधनात तसं आढळलेलं नाही, आणि विचारल्यानं मुलाला हलकं वाटल्याचं अनेकदा दिसतं. "तुला जगू नये असं वाटतं का?" इतकं सरळ विचारा. गोळ्या, कीटकनाशकं, हत्यारं कुलपात किंवा घराबाहेर ठेवा. असा प्रबळ क्षण पुष्कळदा थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं.

साध्या प्रतीक्षेच्या काळातही काही करता येतं. त्रासाच्या प्रसंगाआधी काय झालं, प्रसंगात कोण काय बोललं, आणि नंतर काय झालं, अशा तीन रकान्यांत दोन आठवडे नोंदी ठेवा. पहिल्या भेटीत त्या दाखवल्या तर माहिती गोळा करण्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं.

ठरवलेली उद्दिष्टं जमू लागली की भेटी अचानक थांबवत नाहीत, अंतर वाढवत नेतात: पंधरवड्यानं, मग महिन्यानं. शेवटच्या भेटीत पुन्हा त्रास सुरू झाल्याची पहिली खूण कोणती असेल आणि तेव्हा कोण काय करेल, हे मुलासह सगळ्यांनी मिळून लिहून काढायचं असतं. तो कागद घरी घेऊन जा. शाळा बदलली, घरात बाळ आलं, कुणी वारलं, की जुनं वागणं थोड्या काळासाठी परत येणं अगदी नेहमीचं आहे, आणि अशा वेळी एक-दोन भेटींसाठी परत आलेल्या कुटुंबाला बहुतेक संस्था यादीत पहिल्यापासून उभं करत नाहीत. निघताना एवढं विचारून घ्या की परत यावंसं वाटलं तर फोन कुणाला करायचा.